'या, आत या' म्हणण्याआधी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. पोलीस चौकीचेही तेच. पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार घरी आला की आईने पटकन चहाचे आधण ठेवायचे, वडिलांनी शर्ट चढवून हसतमुखाने 'या साहेब' म्हणायचे, आणि तो गेला की सगळ्या घराने सुटकेचा नि:श्वास टाकायचा. आपल्यापैकी बहुतेकांची पोलिसांशी ओळख ती एवढीच. अमेरिकेत येऊन वीस-पंचवीस वर्षे झाली, घर झाले, सिटिझनशिप झाली, तरी दारात गणवेश दिसला की आपण पुन्हा त्या वेळचे होतो. कोर्टाची पायरी आपण चढत नाही हे खरे. पण पोलीसच आपली पायरी चढून आले तर काय करायचे, याचा विचार मात्र केलेला नसतो.

विषय निघाला तो कोजागिरीच्या रात्री, दूध आटत असताना. एका कुटुंबाची जुनी हकिकत निघाली. फोन-कार्डाचा जमाना होता. भारतातून आलेल्या आजींनी नाशिकला फोन लावताना शून्य-एक-एक-नऊ-एक ऐवजी भलतीच बटणे दाबली आणि फोन गेला ९११ ला. घाबरून त्यांनी तो ठेवून दिला. दहा मिनिटांत दोन पोलीस दारात. चौकशीला येणे त्यांचे कामच. पण आजी ठीक आहेत हे पाहून झाल्यावर ते स्वयंपाकघरातून बेडरूममध्ये गेले, तिथून बेसमेंटमध्ये, आणि भाच्याच्या ट्रंका उघडून पाहून मग 'हॅव अ गुड डे' म्हणून निघून गेले. सापडले काहीच नाही. कोणीतरी विचारले, "तुम्ही त्यांना तपासायला हो म्हणाला होतात का?" त्यावर यजमान म्हणाले, "हो नव्हतो म्हणालो. पण नाही पण नव्हतो म्हणालो." सगळे हसले. आम्ही पण हसलो. पण घरी येताना गाडीत तेच वाक्य डोक्यात राहिले. म्हणून आम्ही या प्रश्नाची थोडी माहिती गोळा केली, कायद्याचा अभ्यास केलेल्या एका स्नेह्यांना दाखवली, आणि ती वाचकांपुढे ठेवत आहोत. हा वकिलाचा सल्ला नव्हे. राज्याराज्यांचे नियम थोडेफार वेगळे असतात, आणि प्रत्यक्ष प्रसंग आलाच तर वकील गाठावा हेच खरे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती १७९१ साली मंजूर झाली. तिचा गाभा असा : लोकांच्या शरीराची, घराची, कागदपत्रांची आणि चीजवस्तूंची अवाजवी झडती किंवा जप्ती होता कामा नये, आणि वॉरंट द्यायचे तर ते सबळ कारण असल्याशिवाय, शपथेवर सांगितलेल्या माहितीशिवाय, आणि कुठली जागा तपासायची व काय जप्त करायचे हे नेमके लिहिल्याशिवाय देऊ नये.

यामागे इतिहास आहे. इंग्रजांच्या राजवटीत बोस्टनच्या कस्टम अधिकाऱ्यांकडे सरसकट हुकूमनामे असत. चोरटा माल शोधायच्या नावाखाली कोणाच्याही घरात शिरायची ती मुभाच होती. १७६१ साली जेम्स ओटिस या वकिलाने त्याविरुद्ध बोस्टनच्या कोर्टात जोरदार बाजू मांडली. खटला तो हरला, पण लोकांच्या मनातली चीड राहिली आणि तीस वर्षांनी घटनेत उतरली.

दुरुस्तीतला एक शब्द आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. तिथे 'नागरिक' म्हटलेले नाही, 'लोक' म्हटले आहे. तेव्हा ग्रीन कार्डवाले, एच-वन वर आलेले, इथे घर करून राहणारे सगळे या संरक्षणात येतात. 'आपण कुठे सिटिझन आहोत, आपल्याला कसला हक्क' असे मनात धरून गप्प बसायचे कारण नाही.

क्लीव्हलँडचे एक घर, शिकागोचे एक घर

कागदावरचा हक्क आणि दारातला हक्क यांत अंतर असते. ते कमी झाले ते दोन खटल्यांमुळे, आणि योगायोगाने दोन्हींचे निकाल १९६१ सालचे आहेत.

पहिला खटला डॉलरी मॅप या बाईंचा. मे १९५७ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात तीन पोलीस त्यांच्या दारी आले. एका बॉम्बस्फोटाच्या तपासात हवा असलेला माणूस तिथे लपला आहे अशी त्यांना खबर होती. मॅपबाईंनी वकिलाला फोन केला आणि वॉरंट नसेल तर आत येऊ देणार नाही म्हणून सांगितले. पोलीस तीन तासांनी जादा कुमक घेऊन परत आले आणि दार तोडून आत घुसले. वकील येऊन पोचले होते, त्यांनाही आत सोडले नाही. बाईंनी वॉरंट दाखवा म्हटल्यावर एका अधिकाऱ्याने एक कागद नाचवला. त्यांनी तो हिसकावून पोलक्यात खोचला. झटापट झाली, कागद परत घेतला गेला आणि त्यांनाच बेड्या पडल्या. मग कपाटे, पेट्या, फोटोंचे अल्बम, मुलीची खोली, तळघरातली ट्रंक, काही सोडले नाही. अश्लील ठरवलेली काही पुस्तके व चित्रे मिळाली आणि त्यावर शिक्षा झाली. वॉरंट म्हणून दाखवलेला तो कागद खटल्यात कधीच हजर झाला नाही. सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली आणि सांगितले की बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्यांच्या कोर्टातही चालणार नाही. फेडरल कोर्टांना हा नियम १९१४ पासूनच होता.

दुसरा खटला शिकागोच्या जेम्स मन्रो यांचा. ऑक्टोबर १९५८ मध्ये भल्या पहाटे तेरा पोलीस वॉरंटशिवाय त्यांच्या घरात घुसले, नवरा-बायको आणि सहा मुलांना बिछान्यातून उठवून बैठकीच्या खोलीत विवस्त्र उभे केले, गाद्या फाडल्या, खण उपसले. मन्रोंना दिवसभर चौकीवर ठेवले आणि आरोप न ठेवता सोडून दिले. सापडले काहीच नव्हते, त्यामुळे पुरावा नाकारायचा प्रश्नच नव्हता. पण १८७१ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन अशा अधिकाऱ्यांवर फेडरल कोर्टात भरपाईचा दावा लावता येतो, हे कोर्टाने मान्य केले. आजही असे दावे याच कायद्याखाली लागतात.

पुढे १९८० च्या पेटन खटल्यात कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. गुन्हा गंभीर असला, संशय सबळ असला, तरी माणसाला त्याच्या घरात शिरून अटक करायची तर एरवी वॉरंट लागते. रस्त्यावर नियम सैल आहेत, उंबरठ्यावर ते कडक होतात.

आपल्या डोक्यातला पंचनामा

भारतात वाढलेल्या माणसाच्या मनात झडतीचे चित्र वेगळे असते. तिथे तपास करणारा ठाण्याचा अधिकारी, वेळ नाही असे वाटले तर, कारणे लिहून ठेवून वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली आहे. मात्र त्या परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच बोलवावे लागतात, त्यांच्यासमोर यादी होते, सह्या होतात. आता नव्या कायद्याने चित्रीकरणही सक्तीचे केले आहे. थोडक्यात, तिथे झडतीच्या वेळी शेजारचे दोघे साक्षीला असतात. इथे झडतीच्या आधी न्यायाधीशाची सही लागते.

आणखी एक फरक. भारतात झडती नियमाबाहेर झाली एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. सत्तरच्या दशकातल्या पूरणमल निकालापासून हेच चालत आले आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाने घराची बाजू घेतलीच नाही असे मात्र नव्हे. खरक सिंग खटल्यात १९६२ साली उत्तर प्रदेश पोलिसांची संशयितांच्या घरी रात्री-बेरात्री जाऊन तपासायची पद्धत कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. पण 'दारातल्या पोलिसाला तुम्ही सभ्यपणे नाही म्हणू शकता' हे आपल्याला तिथे कोणी शिकवले नव्हते. इथल्या शाळेत आपली मुले चौथी दुरुस्ती पाठ करतात. आईवडील मात्र पंचांची वाट पाहत उभे!

वॉरंटशिवाय ते कधी येऊ शकतात

वॉरंट नाही म्हणजे कधीच येता येणार नाही असे नाही. मुख्य अपवाद तीन.

पहिला, कोणाच्या जिवाला धोका असणे. युटातल्या ब्रिगहम सिटीत पहाटे तीनला पार्टीच्या गोंगाटाची तक्रार आली. पोलिसांना खिडकीतून मारामारी दिसली, एक जण सिंकमध्ये रक्त थुंकत होता. अशा वेळी वॉरंटसाठी थांबायला नको, असे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एकमताने म्हटले. आग, मदतीची हाक, आत पुरावा नष्ट होत असणे, हीही याच जातीची तातडीची कारणे. आजींनी ९११ ला फोन करून ठेवून दिला, तर त्या सुखरूप आहेत ना हे पाहायला पोलीस आले याबद्दल तक्रार नसावी. प्रश्न आहे तो त्यानंतर बेसमेंटमधल्या ट्रंका उघडण्याचा.

दुसरा, पाठलाग. गंभीर गुन्हा करून पळणारा माणूस घरात शिरला तर पोलीस मागोमाग शिरू शकतात. किरकोळ गुन्ह्याला मात्र हे सरसकट लागू नाही. कॅलिफोर्नियात एक गृहस्थ गाणी मोठ्याने लावून, हॉर्न वाजवत गाडी चालवत घरी आले आणि गॅरेजमध्ये शिरले. पोलीस पाठोपाठ गॅरेजमध्ये. २०२१ च्या लँग निकालात कोर्टाने सांगितले की लहान गुन्ह्याच्या बाबतीत खरोखर तातडी होती का, हे दर वेळी पाहावे लागेल.

त्याच वर्षीचा ऱ्होड आयलंडचा कनिलिया निकालही लक्षात ठेवण्यासारखा. भांडण झाल्यावर पत्नी रात्री हॉटेलात राहिली, सकाळी नवऱ्याचा फोन लागेना, म्हणून तिने पोलिसांना घरी जाऊन बघायला सांगितले. तो त्यांना पोर्चमध्येच भेटला आणि तपासणीसाठी हॉस्पिटलात गेला. मागे पोलिसांनी घरात शिरून त्याच्या बंदुका नेल्या. 'आम्ही लोकांची काळजी घेतो' एवढे कारण घरात शिरायला पुरेसे नाही, असा एकमताने निकाल लागला.

आणि तिसरा अपवाद म्हणजे आपण दिलेली संमती. वर सांगितलेले सगळे खटले, सगळे संरक्षण, 'या, आत या' या तीन शब्दांनी बाजूला पडते. आमच्या मते आपल्या मंडळींना खरा धोका आहे तो इथेच.

संमती कशी दिली जाते

संमतीला कागद लागत नाही, सही लागत नाही. दारातून बाजूला सरकून हाताने 'या' अशी खूण केली तरी कोर्ट ती संमती धरू शकते. आणि १९७३ च्या श्नेकलॉथ निकालानुसार, 'तुम्ही नाही म्हणू शकता' हे आधी सांगायचे बंधन पोलिसांवर नाही. संमती दबावाखाली दिलेली नसावी एवढेच. दोन अधिकारी दारात, कमरेला पिस्तूल, अंगणात लाल-निळे दिवे, आणि एक जण गोड आवाजात विचारतो, "आम्ही जरा आत येऊन बोललो तर चालेल ना?" कायद्याने हा प्रश्नच आहे, हुकूम नव्हे. आपल्या कानाला मात्र तो हुकूम वाटतो.

त्यात आपल्या सवयींची भर. दारात आलेल्याला दारातच उभे करणे आपल्याला अपमानाचे वाटते. आपली मान 'हो' म्हणताना आडवी हलते आणि 'बघू' म्हणताना तिरकी. अमेरिकन पोलीस तिचा काय अर्थ लावील कोणास ठाऊक. आमच्या ओळखीच्या एक वहिनी तर म्हणाल्या, "मी त्यांना बूट तेवढे बाहेर काढायला सांगितलं हो!" वहिनी, बूट काढून या म्हणणे म्हणजे या म्हणणेच झाले.

यावर आमच्या पिढीचे ठरलेले उत्तर असते : "आपल्या घरात लपवण्यासारखं आहेच काय?" तेव्हा एकदा घरात फिरून पाहा. आईने आणलेली त्रिफळा आणि वेखंडाची पूड, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर नाव नाही. काकांच्या झोपेच्या गोळ्या, पुण्याच्या केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या पट्टीत, इथल्या डॉक्टरची चिठ्ठी नाही. बेसमेंटमध्ये मुलाच्या मित्राची बॅग, आत काय आहे हे त्याच्या आईलाही माहीत नाही. नवा नोकरीला लागलेला ओळखीचा मुलगा भाड्याने राहतोय, त्याच्या खोलीत आपण कधी गेलो नाही. पोलीस रीतसर आत आले की समोर उघड दिसणाऱ्या संशयास्पद वस्तूंची दखल ते घेऊ शकतात. वेखंड निर्दोष ठरेलही, पण तोवर लॅबच्या अहवालाची वाट आणि वकिलाची फी आपली. आणि इमिग्रेशनची फाइल उघडी असलेल्यांना नुसती अटकेची नोंदसुद्धा त्रास देते, ती मिटली तरी.

घरातल्यांपैकी कोणाचे 'हो' चालते

घर दोघांचे असेल आणि दोघे दारात असतील, तर एकाचे 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' यांत 'नाही' जिंकते. जॉर्जियातल्या एका नवरा-बायकोच्या भांडणात, रँडॉल्फ खटल्यात, २००६ मध्ये हे ठरले. पण नाही म्हणणारा तिथे हजर हवा. २०१४ च्या फर्नांडेस निकालानुसार, त्याला रीतसर अटक करून नेल्यावर दुसऱ्याने 'हो' म्हटले तर ते चालते.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी : भाडेकरूच्या घराची झडती घ्यायला घरमालक परवानगी देऊ शकत नाही, हे १९६१ च्या चॅपमन खटल्यापासून पक्के आहे. त्याच्याकडे किल्ली असली तरी.

पाहुण्यांचे काय? रात्री मुक्कामाला असलेल्या पाहुण्यालाही त्या घरात घटनेचे संरक्षण आहे, असे १९९० मध्ये ओल्सन निकालाने सांगितले. आणि तुमच्याकडे उतरलेल्या माणसाच्या अटकेचे वॉरंट असले, तरी तेवढ्यावर तुमचे घर उघडता येत नाही. तुमच्या घरासाठी वेगळे सर्च वॉरंट लागते. हा १९८१ चा स्टीगल्ड निकाल.

सगळ्यात नाजूक बाजू म्हणजे दिवसभर घरी असणारी आजी किंवा शाळेतून आलेला मुलगा. समोरच्याला परवानगी द्यायचा अधिकार आहे असे पोलिसांना वाजवीपणे वाटले, तर पुढे तो नव्हता असे कळले तरी ती झडती टिकू शकते. हेही १९९० सालचेच, रॉड्रिगेझ निकाल. वय, समज, इंग्रजी किती कळते, हे कोर्ट पाहते खरे. पण ते नंतर, कोर्टात. समोरचा काय म्हणतो ते न कळताच 'येस, येस' म्हणणाऱ्या आजी आपल्या प्रत्येक घरात आहेत.

कागद दाखवला तर

पोलीस वॉरंट आहे म्हणाले तर तो कागद दाराखालून किंवा खिडकीतून दाखवा असे म्हणता येते. पाहायच्या गोष्टी चार : कोर्टाचे नाव व न्यायाधीशाची सही, पत्ता आपलाच आहे का, तारीख, आणि काय शोधायचे आहे. फेडरल वॉरंट चौदा दिवसांच्या आत बजावावे लागते, आणि न्यायाधीशाने खास परवानगी दिली नसेल तर सकाळी सहा ते रात्री दहा याच वेळात. जप्त वस्तूंची पावती द्यावी लागते. काय जप्त करायचे हेच वॉरंटवर लिहिलेले नव्हते म्हणून २००४ च्या ग्रो खटल्यात मोंटानातली एक झडती बेकायदा ठरली. मात्र खरे वॉरंट असेल तर वाट अडवायची नाही. दार उघडायला फार वेळ लावला तर ते तोडू शकतात. २००३ च्या बँक्स खटल्यात पंधरा-वीस सेकंदांची वाटही कोर्टाने पुरेशी मानली.

इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे 'आइस'च्या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्या अटकेच्या कागदावर बहुधा खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नसते. अशा कागदावर, संमतीशिवाय घरात शिरता येत नाही असेच वर्षानुवर्षे धरले जात होते. अंतिम हद्दपारीचा हुकूम असलेल्यांच्या बाबतीत हा कागद पुरेसा आहे, अशी भूमिका खात्याने २०२५ मध्ये अंतर्गत पत्रकात घेतल्याचे पुढे आले, आणि तो वाद कोर्टात गेला. त्यामुळे ज्यांना हा प्रश्न लागू होतो त्यांनी वकिलाचा नंबर आधीच लिहून ठेवावा. शिवाय, बेकायदा मिळालेला पुरावा बाद करायचा नियम हद्दपारीच्या सुनावणीला सहसा लागत नाही, असे १९८४ च्या लोपेझ-मेंडोझा निकालात म्हटले आहे. अगदी घोर उल्लंघन असेल तरच विचार होतो. म्हणजे ज्याची कागदपत्रे कच्ची, त्याने दारातच सावध राहायचे. नंतर कोर्ट सावरून घेईल असे धरून चालू नये.

दारात काय म्हणायचे

दारापर्यंत यायचा हक्क पोलिसांना आहे. हॅलोविनला गोळ्या मागणारी मुले आणि बिस्किटे विकणाऱ्या गर्ल स्काउट मुली जशा येतात, तसाच. टकटक करावी, थोडे थांबावे, कोणी बोलावले नाही तर निघून जावे. २०१३ च्या हार्डीन्स निकालात हाच दाखला आहे. आणि २०११ च्या किंग निकालात कोर्टाने म्हटले आहे की वॉरंट नसलेल्या पोलिसाने दार वाजवले तर ते उघडायचे किंवा त्याच्याशी बोलायचे बंधन घरच्यांवर नाही.

तरी उद्धटपणा नको. आम्ही आमच्या घरी ठरवले ते असे. दार बंद ठेवून किंवा साखळी लावून विचारायचे, काय काम आहे. कोणी संकटात आहे का, आम्ही फोन केला होता का? केला असेल तर त्यांची मदत घ्यायची, त्यासाठीच ते आले आहेत. नसेल तर शांतपणे विचारायचे : "डू यू हॅव अ वॉरंट?" आणि नसल्यास : "सॉरी ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च." बोलायचे असेल तर बाहेर पोर्चमध्ये बोलता येते, किंवा वकिलाशी बोलून मग बोलतो म्हणता येते. मान हलवायची नाही, शब्दांत सांगायचे.

तरीही ते आत आलेच, तर आडवे व्हायचे नाही, हात लावायचा नाही, ओरडायचे नाही. संमती नाही हे पुन्हा एकदा स्पष्ट म्हणायचे आणि बाजूला उभे राहायचे. दारात धक्काबुक्की केली तर गुन्हा आपल्यावर येतो आणि जिवावरही बेतू शकते. खोटेही बोलायचे नाही. गप्प राहणे हक्क आहे, पण फेडरल अधिकाऱ्याला तपासात खोटे सांगणे गुन्हा आहे. ते गेल्यावर लगेच लिहून काढायचे : वेळ, नावे, बॅज नंबर, कोण कुठल्या खोलीत गेले, काय विचारले, आपण काय उत्तर दिले. मोडतोडीचे फोटो काढायचे.

नंतर दाद मिळते का

मिळते, पण सोपी नाही. मन्रोंच्या खटल्याने वाट उघडली. १९७८ पासून, शहराच्या धोरणामुळे नुकसान झाले असेल तर शहरावरही दावा लावता येतो. पण अधिकाऱ्यांना एक ढाल आहे : हे कृत्य बेकायदा आहे असे आधीच्या निकालांतून स्पष्ट झालेले नसेल, तर ते सुटतात. २०१७ मध्ये अटलांटात एफबीआयची तुकडी पहाटे चुकीच्या घराचे दार फोडून आत शिरली. आत सात वर्षांचा मुलगा होता. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या कुटुंबाच्या बाजूने एकमताने निकाल दिला, तोही भरपाईचा नव्हे, तर खटल्याचा खालच्या कोर्टाने फेरविचार करावा एवढाच. आठ वर्षे झाली होती. म्हणूनच आम्ही म्हणतो, जे दारात दोन मिनिटांत नम्रपणे होऊ शकते, ते पुढे कोर्टात आठ वर्षांवर नेऊ नये.

पोलीस आपले शत्रू नाहीत. चोरी झाली, अपघात झाला, मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले, तर आपण त्यांनाच बोलावतो, आणि ते येतात. पण नियम पाळणाऱ्या पोलिसाला 'नाही' ऐकायची सवय असते, त्याला त्यात अपमान वाटत नाही. अपमान वाटतो तो आपल्यालाच, नाही म्हणताना.

तेव्हा एवढे करा. या शनिवारी जेवणाच्या टेबलावर हा विषय काढा. मुलांना विचारा, त्यांना बहुधा आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल. आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगा, की कोणी गणवेशातला आला तर दार न उघडता आधी आम्हाला फोन करा. आग लागली असेल किंवा कोणाला बरे नसेल तर गोष्ट वेगळी. एका कार्डावर मोठ्या अक्षरात देवनागरीत लिहा, "प्लीज वेट. आय अॅम कॉलिंग माय सन," आणि खाली तुमचा नंबर. कार्ड दाराजवळ, किल्ल्यांच्या खुंटीशेजारी लावा. आमच्याकडे ते लावून झाले आहे. कोणाला असा अनुभव आला असेल, किंवा आपल्या राज्यातला काही वेगळा नियम ठाऊक असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.